दयाळ, डायल आणि सॉलॅरिस: नाव कुठून आलं आणि कुळ का बदललं

तुम्ही एकच प्रश्न म्हणून विचारलंय पण त्यात चार प्रश्न आहेत. सोसायटीच्या बागेत दयाळची जोडी आहे, नर काळा-पांढरा, दुसरा जरा राखाडी, आणि गेल्या आठवड्यात तिसरा एक दिसला ज्याच्या छातीवर तपकिरी ठिपके आहेत. अ‍ॅप तिघांनाही ओरिएंटल मॅगपाय-रॉबिन म्हणतंय, घरातलं जुनं पुस्तक याला थ्रश म्हणतं, नवीन पुस्तक फ्लायकॅचर, आणि एका मित्राने सांगितलं की याच्या शास्त्रीय नावातला सॉलॅरिस म्हणजे सूर्याचा, कारण इंग्रज याला 'डायल बर्ड' म्हणायचे, डायल म्हणजे सूर्यघड्याळाची तबकडी, आणि त्या डायलचंच आपण दयाळ केलं. यातलं खरं काय, आणि हा राखाडी आणि ठिपकेवाला वेगळ्या जातीचे तर नाहीत ना, असं तुमचं म्हणणं.

मित्राला सांगा, गाडी उलट्या दिशेने आलीये. दयाळ हा शब्द आपला. हिंदीत दहियर, दहियल, बंगालीत दोयेल, मराठीत दयाळ, म्हणजे हा शब्द अर्ध्या देशात थोडाथोडा फरक करून फिरतोच आहे. इंग्रजांच्या कानावर तो पडला, त्यांना तो ओळखीच्या 'डायल'सारखा वाटला आणि ते डायल बर्ड म्हणायला लागले. घड्याळाचा, तबकडीचा काडीचाही संबंध नाही. आणि हसू नका त्यांना, कारण आपणही तेच करतो, एका गाईडला मी स्वतः ऐकलंय पर्यटकांना सांगताना की हा पक्षी फार दयाळू म्हणून दयाळ!! एप्रिलमध्ये दोन नर एकाच आंब्यावर आले की काय दया दाखवतात ते एकदा बघा म्हणावं.

आता सॉलॅरिस. ही गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा लांबवतो, घाई असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.

सतराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये एडवर्ड बल्कली नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन होता. त्याला झाडं, शिंपले, पक्षी गोळा करायचा नाद, आणि तो हे सगळं लंडनच्या जेम्स पेटिव्हरला पाठवायचा. पेटिव्हर औषधविक्या, पण जगभरातून असल्या वस्तू मागवणारा पक्का संग्राहक. त्यात एक नर दयाळ गेला आणि सोबत नाव गेलं 'सॉलरी'. पेटिव्हरने केलेलं वर्णन जॉन रे यांच्या पक्ष्यांवरच्या लॅटिन पुस्तकात छापून आलं 1713 मध्ये, रे तोवर वारलेही होते, 1705 लाच. पुढे स्वीडनमध्ये, सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने 1758 ला आपल्या मोठ्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली त्यात या पक्ष्याला नाव दिलं ग्रॅक्युला सॉलॅरिस. लिनियस भारतात कधी आला नाही, त्याने आपले बहुतेक पक्षी इतरांच्या चित्रांवरून, वर्णनांवरून किंवा पाठवलेल्या कातड्यांवरूनच ओळखले.

शंभर वर्षांनी लोकांना प्रश्न पडला की हे सॉलॅरिस काय आहे बुवा, लॅटिनमध्ये तर असा शब्दच नाही. भारतातल्या पक्ष्यांवर 1862 ते 64 मध्ये मोठं पुस्तक लिहिणाऱ्या जर्डनने लिहून ठेवलं की लिनियसला डायल म्हणजे सूर्यघड्याळ वाटलं, त्याला 'सोलॅरिस' म्हणजे सूर्याचा असं लिहायचं होतं आणि हात घसरून सॉलॅरिस झालं. तुमच्या मित्राची गोष्ट इथूनच आली. कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या म्युझियमचा क्युरेटर असलेल्या एडवर्ड ब्लिथने ती खोडून काढली, तो म्हणाला अहो तसं काही नाही, मद्रासहून पक्षी गेला तोच सॉलरी या नावाने गेला, त्याचंच लॅटिन केलंय. मला ब्लिथचं पटतं, कारण त्याच्याकडे कागद होता आणि दुसऱ्या बाजूला नुसता अंदाज. ब्लिथने पुढे सॉलरी म्हणजे हिंदीत 'शंभर गाणी' असंही सांगितलंय आणि ते आता सगळीकडे छापलं जातं. ते मी जरा जपूनच सांगतो. मद्रासमध्ये पक्षी पकडून आणणारा माणूस 1700 च्या सुमाराला हिंदी नाव का सांगेल हा माझा साधा प्रश्न आहे. गाणं मात्र खरंच शंभर तऱ्हांचं असतं त्यामुळे अर्थ चिकटून बसला.

आणि समजा जर्डन बरोबर असता, लिनियसचा हात खरंच घसरला असता, तरी आज नाव सॉलॅरिसच राहिलं असतं. प्राण्यांच्या नावांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात मूळ छापील स्पेलिंग सहजासहजी बदलत नाहीत, चूक झालीये हे त्याच पुस्तकाच्या पानांवरून स्पष्ट दिसत असेल तरच बदलतात, लेखकाच्या मनात काय होतं याचा तर्क तिथे चालत नाही. दुसरा नियम, सुरुवात 1758 पासून. त्याआधी छापलेलं कितीही अचूक असो, नावाच्या हिशोबात धरत नाहीत. त्यामुळे पहिलं वर्णन पेटिव्हरचं आणि श्रेय लिनियसचं. अन्याय वाटतो, पण कुठेतरी रेघ मारावीच लागते ना, नाहीतर प्रत्येक पक्ष्यामागे वीस जण भांडत बसतील.

इथे एक मराठीतला घोळ सांगून ठेवतो कारण तुमच्या प्रश्नातही 'जात' हा शब्द आलाय. शाळेच्या पुस्तकात स्पिशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती (जवळच्या जातींचा गट), पण पेपरवाले सर्रास स्पिशीजला प्रजाती लिहितात, मग कोण काय म्हणतंय तेच कळत नाही. मी खाली जीनस आणि स्पिशीज असंच लिहितो, शुद्ध मराठीवाल्यांनी माफ करावं.

नावाचा दुसरा शब्द टिकला पण पहिला गेला. लिनियसने ग्रॅक्युला या जीनसमध्ये आपली पहाडी मैना घातली होती, अमेरिकेतला ग्रॅकल घातला होता आणि हा दयाळही. तिघांमध्ये समान काय तर ठसठशीत काळा रंग. त्याच्या हातात तेवढंच होतं. 1827 मध्ये वाग्लर नावाच्या जर्मन पक्षीतज्ज्ञाने कॉप्सिकस हा वेगळा जीनस केला, ग्रीकमध्ये हा शब्द ब्लॅकबर्डसाठी आहे. (वाग्लर बिचारा 1832 मध्ये शिकारीला गेला असता स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून गेला, वय जेमतेम 32.) म्हणून आज नाव कॉप्सिकस सॉलॅरिस. पुस्तकात लिनियस आणि 1758 कंसात लिहिलेलं दिसेल, तो कंस सजावटीला नाही, त्याचा अर्थ नाव देणाऱ्याने पक्षी वेगळ्या जीनसमध्ये ठेवला होता आणि नंतर कोणीतरी हलवला. कंस नसेल तर समजायचं पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. एवढं कळलं तरी अर्धी चेकलिस्ट वाचता येते.

जीनस बदलला की दुसऱ्या शब्दाची शेपटीही कधी कधी बदलते, व्याकरणाच्या लिंगामुळे. आपला चिरक बघा, इंडियन रॉबिन. लिनियसने 1766 मध्ये त्याला मोटॅसिला फुलिकाटा म्हटलं, मोटॅसिला म्हणजे धोबी पक्ष्यांचा जीनस, आणि तेही हा फिलिपाईन्सचा आहे अशा चुकीच्या समजुतीवर. पक्षी पुदुच्चेरीकडचा होता, ही दुरुस्ती व्हायला 1921 उजाडलं! मग तो सॅक्सिकोलॉइडेस झाला आणि आता दयाळच्याच कॉप्सिकसमध्ये आलाय, म्हणून फुलिकाटाचा फुलिकाटस झाला. दयाळच्या सॉलॅरिसला हा त्रास नाही, 'इस' शेवट असला की स्त्रीलिंगी पुल्लिंगी दोन्हीला तेच रूप चालतं.

आता थ्रश की फ्लायकॅचर. इथे तुमचा ठिपकेवाला पक्षी कामाला येतो. ते दयाळचंच पिल्लू आहे, घरट्यातून नुकतं बाहेर पडलेलं. छातीवर असे ठिपके असणं हे जुन्या लोकांसाठी मोठा पुरावा होता, कारण थ्रशच्या पिल्लांना ठिपके असतात, मोठेपणीही अनेकांना असतात. शिवाय दयाळ जमिनीवर उतरून टुणटुण उड्या मारत किडे वेचतो, गातो सुंदर, पाय लांब, बांधा मजबूत. म्हणून टर्डिडी म्हणजे थ्रशचं कुळ. चिरक, गप्पीदास, शामा, दयाळ सगळे त्याच घरात. अडचण अशी की ठिपकेवाली पिल्लं फ्लायकॅचरनाही असतात, म्हणजे तो पुरावा दोन्ही घरांना लागू होतो, पण फ्लायकॅचर म्हणजे फांदीवर बसून हवेत झेप घेणारा छोट्या पायांचा पक्षी अशी डोक्यात प्रतिमा असल्यामुळे दयाळ तिथे कोणाला दिसेना.

गंमत म्हणजे सलीम अली आणि रिप्ली यांच्या दहा खंडांच्या हँडबुकमध्ये दयाळ मस्किकॅपिडी म्हणजे फ्लायकॅचरच्या कुळातच सापडेल, पण ते कुळ तेव्हा धर्मशाळेसारखं होतं, त्यात सातभाई, वटवटे, थ्रश सगळे उपकुळं म्हणून कोंबलेले. त्यामुळे जुन्या पुस्तकात फ्लायकॅचर, मधल्या पुस्तकात थ्रश, नव्या पुस्तकात परत फ्लायकॅचर असं दिसलं तर घाबरू नका, पाटी तीच असली तरी आतलं घर वेगळं आहे.

बदल झाला तो डीएनएमुळे. 1980 च्या दशकात सिब्ली आणि अल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दोन पक्ष्यांच्या डीएनएच्या पट्ट्या एकमेकींना जोडून तापवल्या, किती तापमानाला सुटतात ते बघितलं, जवळचं नातं असेल तर जोड घट्ट, सुटायला जास्त उष्णता लागते. पद्धत ढोबळ होती, तिच्यावर टीकाही खूप झाली, पण चॅट मंडळी, म्हणजे गप्पीदास, चिरक, दयाळ वगैरे, फ्लायकॅचरच्या शेजारी बसतात हे तेव्हाच दिसलं. मग जनुकांची अक्षरं थेट वाचता यायला लागली आणि 2010 मध्ये फ्लायकॅचर आणि चॅट यांच्यावर बऱ्याच जनुकांचा एक मोठा अभ्यास आला, त्यानंतर फारसा वाद राहिला नाही. त्यात सगळ्यात भारी गोष्ट अशी निघाली की दयाळ गप्पीदासाच्या बाजूलाही नाही, तो हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या एशियन ब्राऊन फ्लायकॅचरच्या जास्त जवळ आहे. तो पिटुकला, मळकट, वाळक्या फांदीवर गप्प बसणारा पक्षी आणि आपला हा शेपटी वर करून टीव्हीच्या अँटेनावरून मैफल गाजवणारा दयाळ, हे एका शाखेचे!

आणि नावावर जाऊ नका हे सह्याद्रीतच शिकायला मिळतं. धबधब्याजवळ पहाटे माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तुर, नावात कस्तुर, इंग्रजीतही व्हिसलिंग थ्रश, पण तोही आता फ्लायकॅचरच्या कुळात. महाबळेश्वरला दिसणारा काळा कस्तुर म्हणजे इंडियन ब्लॅकबर्ड, तो खरा थ्रश. स्वर्गीय नर्तकाला इंग्रजीत पॅराडाईज फ्लायकॅचर म्हणतात आणि तो या कुळातच नाही, मोनार्क नावाच्या वेगळ्याच कुळात आहे. रॉबिनचंही तसंच, युरोपातला लाल छातीचा रॉबिन दयाळच्याच कुळातला निघाला, अमेरिकेतला रॉबिन मात्र सरळसरळ थ्रश. घर सोडून लांब गेलेल्या इंग्रजांना जिथे थोडी लालसर छाती किंवा ऐटीत उभी शेपटी दिसली तिथे त्यांनी रॉबिन नाव ठेवलं, काळा-पांढरा दिसला की मॅगपाय. दोन्ही एकत्र केले की झाला मॅगपाय-रॉबिन. ओरिएंटल पुढे का, तर मादागास्कर आणि सेशेल्समध्येही मॅगपाय-रॉबिन आहेत आणि ते वेगळे स्पिशीज आहेत.

राहिला तुमचा राखाडी पक्षी. ती मादी आहे, वेगळी स्पिशीज नाही, सबस्पिशीज म्हणजे उपजातही नाही. नर जिथे निळसर झाक असलेला काळा तिथे ती राखाडी, बाकी पंखावरची पांढरी पट्टी, शेपटीच्या कडा सारख्याच. पण मादीच्या राखाडीपणावर सबस्पिशीजचा बराच कारभार चालतो हेही खरं. अंदमानची मादी जास्त गडद, श्रीलंकेतली तर नराइतकीच काळी वाटते आणि दक्षिण टोकाकडे येईपर्यंत आपल्याकडच्या माद्याही गडद होत जातात, त्यामुळे पूर्वी कावेरीच्या दक्षिणेचे पक्षी श्रीलंकेच्या सबस्पिशीजमध्येच धरायचे. माझी फजिती सांगतो. नवशिका असताना कावेरीकाठी एका गावात मुक्कामाला होतो, भिंतीच्या भोकात घरटं आणि दोन 'नर' आळीपाळीने चारा आणतायत. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं 'दोन नर, एक घरटं, मादी गायब', परत आल्यावर चार जणांना रंगवून सांगितलंही. एका ज्येष्ठाने शांतपणे विचारलं, तू कुठे होतास म्हणालास? झालं. नंतर एका संग्रहात ट्रेमध्ये ओळीने ठेवलेल्या माद्यांची कातडी बघितली, उत्तर ते दक्षिण मांडलेली, तेव्हा लक्षात आलं की रंग पायरीसारखा बदलत नाही, घसरगुंडीसारखा बदलतो, आणि त्या घसरगुंडीवर कुठे चुना टाकायचा हे माणूस ठरवतो.

मग वेगळी स्पिशीज कधी म्हणायची? याचं उत्तर दयाळइतकं छान कुठलाच पक्षी देत नाही. बोर्नियोत पश्चिमेकडचा दयाळ पांढऱ्या पोटाचा आणि उत्तर-पूर्वेकडचा पूर्ण काळ्या पोटाचा, एकदम वेगळा पक्षी वाटावा इतका. पण मधल्या पट्ट्यात ते एकमेकांशी जोड्या जमवतात, अर्धवट रंगाची पिल्लं होतात, म्हणून स्पिशीज एकच. उलट फिलिपाईन्सचा दयाळ बघितला तर तुम्ही म्हणाल हा आपलाच, फक्त शेपटीत पांढरं नाही, सगळी काळी. तो पूर्वी सॉलॅरिसमध्येच होता. डीएनए बघितला तर तो फार पूर्वीच वेगळा झालाय, म्हणून त्याला स्वतंत्र केलं, कॉप्सिकस मिंडानेन्सिस. म्हणजे अख्खं पोट काळं झालं तरी एकच आणि शेपटीतली दोन-चार पिसं काळी तर वेगळा! डोळ्यांना जो फरक मोठा वाटतो तो नात्यात लहान असू शकतो, काळा रंग थोड्याशा बदलाने येतो आणि जातो. नुसता डीएनएचा आकडाही पुरत नाही हं, गाणं, मापं, दोघे भेटतात तिथे काय होतं, सगळं एकत्र बघून लोक मत देतात, आणि ते मतच असतं.

या मतामुळेच वेगवेगळ्या लिस्टमध्ये वेगळी नावं दिसतात. शामाचं उदाहरण घ्या, बहुतेक ठिकाणी कॉप्सिकस मलाबारिकस, पण बर्डलाइफ या पक्षी-संवर्धन संस्थेच्या लिस्टमध्ये शामांचा जीनस वेगळा, किट्टासिंक्ला, म्हणून तिथे मलाबारिका. अंदमानचा पांढऱ्या पोटाचा शामा आधी याच्यातच होता, आता वेगळी स्पिशीज. या लिस्टांचं भांडण मिटावं म्हणून 2025 च्या जूनमध्ये अ‍ॅव्हिलिस्ट नावाची एक सामायिक यादी आली आहे, हळूहळू सगळे तिकडे वळतील. तोवर नोंद करताना कुठली लिस्ट वापरली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं, बस.

बांगलादेशचा राष्ट्रीय पक्षी दोयेल तो हाच का, असंही शेवटी विचारलंय तुम्ही. हो, हाच, स्पिशीज तीच आणि सबस्पिशीजही तीच, ढाक्यात त्याच्या नावाचा चौक आहे, जुन्या दोन टाक्याच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. सॉलॅरिसचं मूळ ठिकाण म्हणूनही आज बंगालच धरतात. जावात याला काचेर म्हणतात आणि पिंजऱ्यात ठेवून गाण्याच्या स्पर्धा लावतात, पूर्व जावातला मात्र काळ्या पोटाचा, दुसरी सबस्पिशीज.

तर तुमच्या वहीत असं लिहा: दयाळ, कॉप्सिकस सॉलॅरिस, एक नर, एक मादी, एक पिल्लू. सबस्पिशीज लिहायची गरज नाही. पिल्लू दिसलंय म्हणजे घरटं जवळच कुठेतरी भोकात असणार, झाडाची ढोली, भिंतीतला पाईप, पत्रपेटी काहीही चालतं याला. जुलैपर्यंत दुसऱ्यांदा अंडी घालायची शक्यता आहे तेव्हा वॉचमनला सांगून ठेवा, भोकं बुजवायचं काम पावसाळ्यानंतर काढा म्हणावं. आणि नर सकाळी किती वाजता पहिला सूर लावतो ते महिनाभर रोज लिहून काढा आणि मला पाठवा, मला हवंय ते.